वॉरंटीत बदलून आलेली एसएसडी: ‘हेल्थ’चा टक्का बाजूला ठेवून तिची पारख कशी करायची

जुनी एसएसडी (फ्लॅश मेमरीवर डेटा साठवणारी डिस्क) बिघडली, क्लेम केला, कंपनीने ठेवून घेतली आणि तिच्या बदल्यात दुसरी पाठवली. ती लावली, ड्राइव्हची माहिती दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं आणि निळ्या चौकटीत ‘गुड, ९९ टक्के’ दिसलं. इथून दोन तऱ्हेचे प्रश्न सुरू होतात. काही जण विचारतात, बदलून दिलेल्या ड्राइव्हचा तो एक टक्का गेला कुठे? दुसऱ्यांची तक्रार जास्त त्रासाची असते. त्यांच्या ड्राइव्हवर चक्क १०० टक्के दिसत असतात, पण महिन्याभरात तोही पहिल्यासारखाच अडखळायला लागतो. मग तिसरा मागवायचा का?

दोन्ही प्रश्नांत त्या टक्क्याकडून नको तेवढी अपेक्षा केलेली असते. ड्राइव्ह निरोगी आहे की नाही हे तो आकडा सांगतच नाही. फ्लॅश मेमरी किती झिजली याचा कंट्रोलरने (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपने) बांधलेला तो अंदाज असतो, बस्स. झीज शून्य असलेला ड्राइव्ह कंट्रोलरमधल्या दोषाने उद्या सकाळी गप्प होऊ शकतो, आणि ४० टक्के झिजलेला ड्राइव्ह पुढची कित्येक वर्षं बिनतक्रार चालू शकतो. म्हणून बदलून आलेला ड्राइव्ह तपासायचा तो वेगळ्या पद्धतीने. पहिल्या दिवशी त्याची पूर्ण नोंद घ्यायची, मग त्याच्याकडून मुद्दाम कष्टाचं काम करून घ्यायचं, आणि नोंदीतले कोणते आकडे हलले ते बघायचं. हे सगळं आपला डेटा त्यावर टाकण्याआधी.

लावण्याआधी

लेबलवरचा सिरियल नंबर, क्लेमच्या पत्रातला नंबर आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा नंबर हे तिन्ही जुळले पाहिजेत. लेबलचा फोटो आत्ताच काढा. एम.२ ड्राइव्ह (मदरबोर्डवर थेट बसणारी छोटी पट्टी) एकदा हीटसिंकखाली, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पत्र्याखाली, गेला की लेबल दिसत नाही, आणि हीटसिंकचं चिकट पॅड काढताना ते फाटतंही.

हाच नंबर कंपनीच्या वॉरंटी तपासण्याच्या पानावर टाकून तारीख बघा. बहुतेक कंपन्यांच्या अटींत दोन गोष्टी असतात: बदली ड्राइव्ह नवा असेल किंवा दुरुस्त करून तपासलेला असेल, आणि त्याला मूळ खरेदीची उरलेली वॉरंटी लागू होईल. म्हणजे असा दुरुस्त केलेला, रिफर्बिश्ड ड्राइव्ह आला म्हणून कोणी फसवलं असं होत नाही, ते अटींतच लिहिलेलं होतं. मात्र नव्या सिरियल नंबरवर वॉरंटी चुकीची दिसत असेल, किंवा संपलेली दिसत असेल, तर लगेच लिहून दुरुस्ती मागा. क्लेम ताजा असतो तोवर हे काम सोपं असतं. वर्षाने तोच मुद्दा सिद्ध करायला सगळी कागदपत्रं शोधत बसावं लागतं.

आणखी एक गोष्ट फक्त मिरर किंवा रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून डेटा ठेवण्याची रचना) वापरणाऱ्यांसाठी. बदली ड्राइव्ह वेगळ्या मॉडेलचा असेल तर त्याची नेमकी क्षमता बाइटमध्ये बघा. १ टीबीच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात, पण सगळेच उत्पादक हे माप पाळत नाहीत. नवा ड्राइव्ह एका सेक्टरने जरी लहान असला तरी जुन्या जोडीत तो बसत नाही.

पहिली नोंद

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो पुरेसं आहे. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाका, त्यात स्मार्टसीटीएल ही कमांड येते. एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारा वेगवान प्रकार) ड्राइव्ह असेल तर एनव्हीएमई-सीएलआयही घ्या. जोडीला ड्राइव्ह ज्या कंपनीचा त्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असू द्या: सॅमसंग मॅजिशियन, क्रुशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, किंग्स्टनचं एसएसडी मॅनेजर, वगैरे. पुन्हा क्लेम करायची वेळ आली तर कंपनी आधी तिच्याच सॉफ्टवेअरचा अहवाल मागण्याची शक्यता जास्त.

क्रिस्टलडिस्कइन्फोमधल्या एका गोष्टीने पुष्कळ जण घाबरतात. त्यात कच्चे आकडे मुळात सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये दिसतात. ‘फंक्शन’ मेनूत ‘ॲडव्हान्स्ड फीचर’ आणि त्यात ‘रॉ व्हॅल्यूज’ आहे, तिथे दशमान पर्याय निवडा आणि मगच वाचा.

ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये लावून वाचत असाल तर आकडे दिसतीलच असं नाही. मधली ब्रिज चिप ते पुढे जाऊ देईल की नाही यावर ते अवलंबून असतं. स्मार्टसीटीएलला उपकरणाचा प्रकार हाताने सांगून बऱ्याच केसमधून वाचता येतं, पण शक्य असेल तर पहिली नोंद थेट मदरबोर्डवर लावूनच घ्या. नोंद टेक्स्ट फाइलमध्ये सेव्ह करा, नावात तारीख घाला, आणि ती फाइल दुसऱ्या कुठल्यातरी ड्राइव्हवर ठेवा. स्क्रीनशॉट असावा, पण दोन नोंदींची ओळीला ओळ लावून तुलना करायला टेक्स्टच बरं पडतं.

त्या एक टक्क्याचं काय?

एनव्हीएमई ड्राइव्ह ‘पर्सेंटेज यूज्ड’ नावाचा आकडा ठेवतो. तो शून्यापासून वर चढतो. १०० झाला म्हणजे कंपनीने गृहीत धरलेलं आयुष्य वापरून झालं, ड्राइव्ह मेला असा त्याचा अर्थ होत नाही. स्पेसिफिकेशननुसार तो १०० च्या पुढेही जाऊ शकतो आणि २५५ वर थांबतो. क्रिस्टलडिस्कइन्फो १०० मधून तो आकडा वजा करतं आणि उरलेल्याला ‘हेल्थ’ म्हणतं.

आता हिशेब करून बघू. १ टीबी क्षमतेच्या पुष्कळ ड्राइव्हना ६०० टीबीडब्ल्यूची, म्हणजे एकूण ६०० टीबी लिहिण्यापर्यंतची, हमी असते, सॅमसंगचा ९७० एव्हो प्लस किंवा ८७० एव्हो ही त्यातली ओळखीची उदाहरणं. ६०० टीबीचा एक टक्का म्हणजे ६ टीबी. हे प्रमाण अगदी काटेकोर नसतं, कारण झीज मोजली जाते ती फ्लॅशचे ब्लॉक किती वेळा पुसले गेले यावरून, आणि आपण एक जीबी लिहिली तर आत एक जीबीच लिहिली जाते असं नाही. पण अंदाजाला हे माप चालतं.

दुसऱ्या बाजूला ‘डेटा युनिट्स रिटन’ हा आकडा असतो. एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट. युनिट्सची संख्या निम्मी केली की ढोबळ एमबी मिळतात, आणि १९,५३,१२५ युनिट्स म्हणजे बरोबर १ टीबी.

समजा बदलून आलेल्या १ टीबी ड्राइव्हची पहिली नोंद अशी निघाली: पॉवर ऑन अवर्स ४, पॉवर सायकल्स ११, डेटा युनिट्स रिटन २,१००, पर्सेंटेज यूज्ड ३. एकेक आकडा सुटा वाचला तर काहीच खटकत नाही. तास कमी आहेत, ‘हेल्थ’ ९७ आहे, छान. आता ते एकमेकांशेजारी ठेवा. २,१०० युनिट्स म्हणजे जेमतेम १ जीबी. आणि ३ टक्के झीज म्हणजे साधारण १८ टीबी लिहिल्याचा परिणाम. १ जीबी लिहून ३ टक्के झीज होत नाही. हा ड्राइव्ह आधी कुठेतरी चाललेला आहे, त्याचे तास आणि लिखाणाची मोजणी दुरुस्तीच्या वेळी शून्यावर आणली गेली, आणि झिजेचा आकडा मात्र खरा राहिला, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

ही नोंद वाईट का? माझ्या मते नाही. ३ टक्के झीज म्हणजे काहीच नाही, आणि रिफर्बिश्ड ड्राइव्ह अटींतच बसतो. उलट झीज लपवली नाही हे चांगलं लक्षण आहे. उलटा विसंगत प्रकार जास्त खटकायला हवा: पर्सेंटेज यूज्ड शून्य, पण लिखाण पंधरा-वीस टीबी. तिथे आकड्यांचं कुठेतरी बिनसलेलं असू शकतं, आणि मग पुढे त्या ड्राइव्हच्या झिजेच्या अंदाजावर विसंबता येणार नाही.

सगळेच आकडे शून्याच्या आसपास असतील तर ड्राइव्ह कोरा असेल किंवा पूर्ण पुसून दिलेला असेल. केवळ आकड्यांवरून या दोन शक्यतांत फरक करता येत नाही. मोजणी शून्यावर आणता येते हे २०२५ च्या सुरुवातीला हार्ड डिस्कच्या बाबतीत जगजाहीर झालं. वापरलेल्या सीगेट डिस्क विक्रेत्यांकडून नव्या म्हणून विकल्या गेल्या, स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले) तास शून्याजवळ होते, आणि ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या आतल्या लॉगमध्ये हजारो तास निघाले. बहुतेक एसएसडींमध्ये आपल्याला वाचता येईल असा दुसरा लॉग नसतो. म्हणून पुढची चाचणी टाळू नका.

तासांबद्दल एक बारीक सूचना. एनव्हीएमईच्या नियमांप्रमाणे ड्राइव्ह अगदी कमी विजेच्या अवस्थेत असतो तो वेळ पॉवर ऑन अवर्समध्ये धरलाच पाहिजे असं नाही. कॉम्प्युटर दिवसभर चालू आणि तास मात्र दोनच वाढले, यात बिघाड नाही.

कोणत्या आकड्याला घाबरायचं

‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य असायला हवा. बदलून आलेल्या ड्राइव्हवर तो पहिल्याच दिवशी शून्याहून जास्त असेल तर मी पुढची चाचणीही करणार नाही, त्याच दिवशी कंपनीला लिहीन. लिहिलेलं परत वाचताना दुरुस्त न करता आलेली चूक या आकड्यात मोजली जाते, आणि एसएसडीचं मुख्य कामच लिहिलेलं परत देणं हे आहे. ‘अव्हेलेबल स्पेअर’ म्हणजे खराब ब्लॉकच्या बदल्यात वापरायची राखीव जागा. ती १०० पासून खाली येते. ताज्या बदली ड्राइव्हवर ती १०० दिसावी, आणि चाचणीत ती एक-दोन आकड्यांनी जरी उतरली तरी ते गंभीर धरा. ‘क्रिटिकल वॉर्निंग’ शून्य हवाच.

याउलट ‘एरर इन्फॉर्मेशन लॉग एंट्रीज’ हा आकडा लोकांना उगाच रडवतो. शेकड्यांत दिसला की ड्राइव्ह गेला असं वाटतं. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टीमने किंवा तपासणीच्या सॉफ्टवेअरनेच ड्राइव्हला न कळणारी एखादी कमांड दिली, आणि ड्राइव्हने ‘हे मला येत नाही’ म्हणून नकार कळवला, तरी तो एकाने वाढतो. प्रत्येक बूटला ठरावीक संख्येने वाढत असेल तर दुर्लक्ष करा. लॉग उघडून बघता येतो, आणि त्यातल्या नोंदींत ‘इनव्हॅलिड फील्ड इन कमांड’ असं दिसलं तर प्रश्नच मिटला. ‘अनसेफ शटडाउन्स’चंही तसंच. वीज गेली, बटण दाबून बंद केलं, यूएसबी केस न सांगता उपसली, की तो वाढतो. त्यात ड्राइव्हचा काही दोष नाही.

जुन्या साटा जोडणीच्या एसएसडीत चित्र जास्त गोंधळाचं आहे, कारण तिथे प्रत्येक कंपनीची क्रमांकांची वहिवाट निराळी. झीज सॅमसंगमध्ये १७७ क्रमांकाखाली, इंटेलमध्ये २३३, क्रुशियलमध्ये २०२. लिखाणाची मोजणी बऱ्याच ठिकाणी २४१ मध्ये मिळते, पण एकाचं माप ५१२ बाइटचं, दुसऱ्याचं ३२ एमबीचं, तिसऱ्याचं थेट जीबीचं. त्यामुळे एका कंपनीच्या ड्राइव्हचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. ५ (बदललेले सेक्टर), १८७ (दुरुस्त न झालेल्या चुका) आणि १९९ (सीआरसी चुका) हे तीन मात्र बहुतेक ठिकाणी एकाच अर्थाने येतात. १९९ बद्दल खाली पुन्हा बोलायचं आहे, कारण कित्येक चांगले ड्राइव्ह त्याच्यापायी परत जातात.

कष्टाची चाचणी

आधी ड्राइव्हची स्वतःची चाचणी. एनव्हीएमई १.३ पासून ‘डिव्हाइस सेल्फ टेस्ट’ची सोय आहे. छोटी चाचणी दोन मिनिटांत आटोपते, मोठीला किती वेळ लागेल ते ड्राइव्हच सांगतो. स्मार्टसीटीएलची ७.४ किंवा पुढची आवृत्ती असेल तर तिथूनच ती चालवता येते. मोठीच करा. ती पास झाली तर ठीक, पण तेवढ्यावर थांबू नका. ड्राइव्ह स्वतःबद्दल देतो ती साक्ष आणि आपण भरून बघितलेलं यात दुसरं जास्त खरं.

भरून बघायचं म्हणजे पूर्ण क्षमता ओळखू येणाऱ्या डेटाने भरायची आणि बाइटला बाइट परत वाचायची. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ ही जुनी, साधी, विश्वासाची साधनं. ‘एवढं लिहिलं तर ड्राइव्ह झिजणार नाही का?’ असा प्रश्न हमखास येतो. ६०० टीबीडब्ल्यूच्या १ टीबी ड्राइव्हवर एकदा पूर्ण लिहिणं म्हणजे एक टक्क्याचा सहावा हिस्सा. तेवढ्या किमतीत ड्राइव्हच्या प्रत्येक कोपऱ्यातून एकदा फिरून येता येतं. मला तो सौदा दर वेळी पटतो.

भरणं आणि वाचणं लागोपाठ करू नका. भरून झालं की कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, रात्रभर थंड होऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी वाचा. एफ३ मध्ये लिहिणं आणि वाचणं या मुळातच वेगळ्या कमांड आहेत. एच२टेस्टडब्ल्यूमध्ये आधीच्या चाचणीच्या फाइली जागेवर असतील तर नुसती पडताळणी करायचं बटण मिळतं. वीज जाऊन परत आल्यावर कंट्रोलरचे आतले नकाशे नीट उभे राहतात का, गरम असताना लिहिलेलं थंड असताना वाचता येतं का, हे या एका रात्रीत कळतं.

भरताना वेग पडेल, आणि इथेही पुष्कळ चांगल्या ड्राइव्हवर आळ येतो. सुरुवातीला लिखाण एसएलसी कॅशमध्ये, म्हणजे फ्लॅशच्या वेगवान तात्पुरत्या भागात, वेगाने जातं. कॅश भरली की ड्राइव्ह मूळ टीएलसी किंवा क्यूएलसी (एका पेशीत तीन किंवा चार बिट साठवणाऱ्या) फ्लॅशच्या वेगावर उतरतो. क्यूएलसीचा वेग तर हार्ड डिस्कच्या पातळीवरही येऊ शकतो. एकदा घसरून मग स्थिर राहिलेला वेग म्हणजे बिघाड नव्हे. बिघाडाची चाल वेगळी असते. वेग शून्यावर जाऊन काही सेकंद तिथेच थांबतो, पुन्हा उसळतो, पुन्हा थांबतो. असं दिसलं तर आधी तापमान बघा. ड्राइव्ह तापून स्वतःला आवरत असेल तर हीटसिंक किंवा हवेचा प्रश्न आहे. ‘वॉर्निंग कम्पोझिट टेम्परेचर टाइम’ हा आकडा धोक्याच्या पातळीवर किती मिनिटं गेली ते सांगतो. तापमान ठीक असूनही वेग शून्यावर अडकत असेल तर ड्राइव्हवर संशय घ्यायला जागा आहे.

पहिल्या ड्राइव्हपेक्षा बदली ड्राइव्ह हळू लिहितो, नाव मात्र तेच, असंही होतं. एकाच नावाखाली आतली फ्लॅश बदलण्याचे प्रकार झालेले आहेत. क्रुशियल पी२ टीएलसीवरून क्यूएलसीवर गेला, आणि डब्ल्यूडी ब्लू एसएन५५० ची फ्लॅश बदलल्यावर कॅश संपल्यानंतरचा त्याचा वेग बराच उतरला, दोन्ही गोष्टी २०२१ मध्ये उघड झाल्या. यावर क्लेम टिकणं कठीण असतं, कारण पत्रकात छापलेला वेग कॅशमधला असतो. पण निदान ड्राइव्ह बिघडला नाही एवढं कळतं.

वाचन निर्दोष झालं की चाचणीच्या फाइली पुसा आणि ट्रिम, म्हणजे कोणती जागा रिकामी झाली ते ड्राइव्हला कळवणारी कमांड, चालवा (विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’). नाहीतर कंट्रोलरच्या लेखी ड्राइव्ह भरलेलाच राहतो आणि पुढचे दिवस तो उगाच मंद वाटतो. मग दुसरी नोंद घ्या आणि पहिलीशेजारी ठेवा. १ टीबीच्या ड्राइव्हवर लिखाणाची युनिट्स साधारण साडेएकोणीस लाखांनी वाढलेली असावीत. पर्सेंटेज यूज्ड शून्याचा एक झाला तर काही बिघडलं नाही, तो पूर्णांकातच मोजला जातो आणि ड्राइव्ह कदाचित उंबरठ्यावरच होता. मीडिया एरर शून्य आणि राखीव जागा जिथल्या तिथे, तर ड्राइव्ह पास.

बदलूनही तीच तक्रार

आता कठीण भाग. पहिला ड्राइव्ह मध्येच गायब व्हायचा, बदलून आलेलाही गायब होतो. किंवा कॉम्प्युटर अर्धा मिनिट गोठतो आणि मग सुरळीत चालतो. दोन वेगळ्या ड्राइव्हने एकाच कॉम्प्युटरमध्ये एकच दुखणं दाखवलं, तर तिसरा मागवण्याआधी कॉम्प्युटर तपासा. ड्राइव्ह निर्दोष आहे असं यातून सिद्ध होत नाही, पण शक्यतांचं वजन दुसरीकडे झुकतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडा आणि क्रमांक शोधा. ७ म्हणजे ड्राइव्हने खराब ब्लॉक कळवला, इथे बोट ड्राइव्हकडेच जातं. १२९ म्हणजे उत्तर न आल्याने ड्राइव्हला रीसेट करावं लागलं, आणि १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. हे दोन ड्राइव्हमुळे होतात तसेच केबल, स्लॉट, वीज आणि ऊर्जाबचतीमुळेही होतात. १२९ आणि १५३ चा पाऊस पडतोय पण स्मार्टमधला एकही वाईट आकडा हलत नाही, असं असेल तर मी ड्राइव्ह परत करणार नाही. आधी पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्सप्रेसची ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करून काही दिवस बघेन. लिनक्सवर डीमेसेज या कर्नलच्या लॉगमध्ये ‘कंट्रोलर इज डाउन’ असं येऊन ड्राइव्ह नाहीसा होत असेल तर एनव्हीएमईची आपोआप होणारी ऊर्जाबचत बूटच्या वेळी कर्नलला सांगून बंद करता येते. तेवढ्याने गोठणं थांबलं तर कारण सापडलं.

साटा ड्राइव्हवर १९९ क्रमांकाच्या सीआरसी चुका वाढत असतील तर केबल बदला. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा खराब झाला एवढंच तो आकडा सांगतो. जुना आकडा पुन्हा शून्य होत नाही, म्हणून केबल बदलताना तो लिहून ठेवा आणि पुढे वाढतो का तेवढंच बघा.

एम.२ ड्राइव्हसाठी क्रिस्टलडिस्कइन्फोमधली ‘ट्रान्सफर मोड’ची ओळ वाचा. तिथे आत्ताचा दुवा आणि ड्राइव्हला झेपणारा दुवा शेजारीशेजारी दिसतात. चार लेनचा (डेटाच्या चार वाटांचा) ड्राइव्ह दोन लेनवर चालत असेल तर स्लॉटच तसा आहे का ते मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत बघा. तसा नसेल तर ड्राइव्ह काढून पुन्हा नीट बसवा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. अर्धवट बसलेला एम.२ ड्राइव्ह चालू तर होतो, पण भरवशाचा राहत नाही.

पडताळणीत चुका निघाल्या पण ड्राइव्हचा मीडिया एरर शून्यच आहे? मग मेमरी तपासा. डेटा रॅममध्येच बिघडला असेल तर ड्राइव्हने तो बिघडलेलाच इमानाने लिहून घेतला. मेमटेस्ट रात्रभर चालवा, किंवा तीच चाचणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही चुका आल्या तर ड्राइव्ह दोषी, आणि हा पुरावा क्लेममध्ये वजनदार ठरतो.

उरतं ते फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर. दोन्ही ड्राइव्हवर एकच आवृत्ती असेल तर दोष बदलून आल्यावरही तसाच राहतो, आणि हे प्रकार दुर्मीळ नाहीत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एचपीईने कळवलं की त्यांचे काही सर्व्हरचे एसएसडी बरोबर ३२,७६८ तासांनी बंद पडतील, फर्मवेअर बदललं नाही तर. असा ड्राइव्ह शेवटच्या तासापर्यंत ‘हेल्थ’ उत्तम दाखवेल. २०२३ च्या सुरुवातीला सॅमसंग ९९० प्रोचा टक्का विनाकारण भराभर उतरत होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या फर्मवेअरने उतरणं थांबलं, उतरलेला टक्का परत चढला नाही. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर डब्ल्यूडीच्या एसएन७७० आणि एसएन५८० च्या २ टीबी ड्राइव्हवर निळे स्क्रीन यायला लागले. कारण होतं होस्ट मेमरी बफरच्या (ड्राइव्हने उसन्या घेतलेल्या कॉम्प्युटरच्या रॅमच्या) वापरातला घोळ, आणि उपाय पुन्हा फर्मवेअर. यातल्या कोणत्याही वेळी ड्राइव्ह बदलून काही साधलं नसतं. म्हणून बदली ड्राइव्हची फर्मवेअर आवृत्ती पहिल्या नोंदीत असू द्या, कंपनीच्या पानावर ताजी कोणती ते बघा, आणि ड्राइव्ह रिकामा असतानाच अपडेट करा.

काही आठवड्यांनी

एक चाचणी घाईने होत नाही. मोठ्या फाइलींचा एखादा फोल्डर ड्राइव्हवर टाकून त्याचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) काढून ठेवा आणि महिन्याभराने तो पुन्हा वाचा. चेकसम जुळायला हवेत, आणि वाचण्याचा वेग ताज्या फाइलींच्या जवळपास हवा. जुना डेटाच तेवढा मंद वाचला जात असेल तर फ्लॅशमधला विद्युतभार सरकलाय आणि कंट्रोलरला चुका दुरुस्त करत, पुन्हा पुन्हा वाचत पुढे जावं लागतंय. सॅमसंग ८४० एव्होमध्ये २०१४ साली नेमकं हेच झालं होतं, महिन्यांपूर्वीच्या फाइली अतिशय हळू वाचल्या जायच्या आणि स्मार्ट मात्र स्वच्छ.

दुसरा क्लेम करायची वेळ आलीच तर दोन्ही नोंदी, इव्हेंट लॉगचा उतारा, कंपनीच्या सॉफ्टवेअरचा अहवाल, आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर काय झालं ते, असं एकत्र पाठवा. ‘ड्राइव्ह चालत नाही’ या एका वाक्यावर पहिली दोन-तीन उत्तरं केबल बदला, ड्रायव्हर टाका अशीच येतात. ‘मीडिया एरर पहिल्या दिवशी शून्य, आज चौदा, दोन कॉम्प्युटरवर तेच’ असं लिहिलं की ती पायरी आपोआप ओलांडली जाते.

आणि परत पाठवायच्या ड्राइव्हमधला डेटा. मेलेल्या ड्राइव्हवरचं काही पुसता येत नाही, पण तो दुसऱ्याच्या हातात मात्र जातो. वॉरंटी डेटाला लागू नसते, त्यामुळे बॅकअप वेगळा हवाच, पण तेवढ्याने डेटा खासगी राहत नाही. सगळ्या चाचण्या संपल्या की पहिली फाइल टाकण्याआधी बिटलॉकर किंवा लिनक्सवर लक्स हे एन्क्रिप्शन चालू करा, आणि त्याची रिकव्हरीची किल्ली हा ड्राइव्ह सोडून दुसरीकडे कुठेही ठेवा.